मुंबईत गाइड व्हायचंय? आधी पैसे कोण देणार ते बघा

माझ्या पहिल्या सीझनची वही अजून कपाटात आहे. नोव्हेंबरच्या पानावर लिहिलंय: एअरपोर्ट नऊ, एलिफंटा दोन, सिटी हाफ डे चार, रविवारचा वॉक एक. वॉकला माणसं पाच, त्यातली दोन मावशीच्या घरची. समोर आकडे. त्यातून डोंबिवलीचा पास, बाहेरचं खाणं आणि चपलांचा एक नवा जोड वजा केला, तेव्हा जे उरलं ते बघून आई म्हणाली, "हे दर महिन्याला मिळणारेय का?" मी गप्प बसले. आज विचारलं तर सांगेन की दर महिन्याला नाही, पण वर्षाचा हिशेब बसवता येतो.

गाइड व्हायचंय म्हणून जे मला भेटतात ते आधी कोर्सचं विचारतात. कोर्सकडे येऊच. त्याआधी एवढं डोक्यात घ्या की गाइड हा एक धंदा नाही, पाच-सहा वेगवेगळ्या धंद्यांना आपण एकच नाव दिलंय. प्रत्येकात पैसे देणारा वेगळा असतो, आणि जो पैसे देतो त्याच्या घड्याळाप्रमाणे तुमचा दिवस चालतो. म्हणून मी नव्या मुलामुलींना कोर्सच्या आधी पाकीट कुणाकडून येतं ते शोधायला सांगते.

पहिली पायरी: कोण कशावर जगतं ते ओळखा

सगळ्यात सहज मिळणारं काम एअरपोर्टचं. रात्री दीडच्या फ्लाइटला टी-टू टर्मिनलच्या बाहेर नावाची पाटी धरून उभं राहायचं, पाहुण्यांना गाडीत बसवायचं, हॉटेलात चेक-इन करून द्यायचं आणि उद्या किती वाजता खाली यायचं ते सांगून निघायचं. टूर कंपनी दर ट्रान्सफरमागे ठरलेले पैसे देते. इतिहासाचा यात काही संबंध नाही, म्हणून पुष्कळांना हे काम कमीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. बॅग हरवलेल्या, चौदा तास झोप न झालेल्या माणसाशी चार वाक्यं नीट बोलता आली की पुढे गेटवेवर चाळीस माणसांसमोर पाय लटपटत नाहीत.

त्यानंतर सरकारी ओळखपत्रवाले गाइड. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे रिजनल लेव्हल गाइड यात येतात. मुंबई पश्चिम आणि मध्य विभागात मोडते, त्यामुळे हे कार्ड गळ्यात असलेला गाइड आज एलिफंटा, उद्या वेरूळ आणि परवा सांची असं काम करू शकतो. यांना पैसे देतात परदेशी पाहुणे आणणाऱ्या कंपन्या. हाफ डे म्हणजे चार तास, फुल डे म्हणजे आठ. ग्रुप किती मोठा त्यावर दर बदलतो आणि इंग्रजीखेरीज दुसरी परदेशी भाषा बोलणाऱ्याला वर भाषेचा भत्ता मिळतो. क्रूझचं जहाज बॅलार्ड पिअरला लागलं की एकाच दिवशी वीस-वीस बसेस निघतात. त्या दिवशी शहरातले सगळे कार्डवाले कामावर असतात आणि तरीही कमी पडतात.

स्मारकावर बसणारे गाइड वेगळे. एलिफंटाला लेण्यांशी गिऱ्हाईक गाठायचं, तिथल्या तिथे दर ठरवायचा, पाऊण तासात लेणं दाखवायचं आणि पुढचं गिऱ्हाईक बघायचं. पैसा रोख आणि रोजचा, पण समुद्र खवळला की बोटी बंद आणि कमाईही बंद. घारापुरीची गावातली मुलं लहानपणापासून तिथे वावरलेली असतात. बाहेरून जाऊन त्यांच्या पोटावर पाय देण्याचा विचार करू नका, जमणारही नाही.

वॉक घेणारे, म्हणजे पायी फिरवून एखादा भाग दाखवणारे, हा गेल्या काही वर्षांत वाढलेला प्रकार. फोर्ट, खोताची वाडी, बाणगंगा, भायखळा, रमजानमध्ये मोहम्मद अली रोडची खादाडी, माटुंग्याची इडली. इथे पैसे थेट येणारा माणूस देतो, किंवा मधे एखादं बुकिंगचं ॲप असतं आणि ते आपला हिस्सा कापून घेतं. "फ्री वॉक"सुद्धा असतात. त्यात फी नसते, शेवटी ज्याला जे वाटेल ते तो देतो. परदेशी तरुणांचा घोळका असेल तर हे चालतं. आपल्याकडची माणसं शेवटी टाळ्या वाजवतात, सेल्फी घेतात आणि स्टेशनकडे चालू लागतात.

निसर्गवाले गाइड थोडे आहेत, पण पक्के आहेत. थंडीत फ्लेमिंगोंसाठी शिवडी, भांडुप पंपिंग स्टेशन, ऐरोलीहून ठाणे खाडीतली बोट. ओहोटीला गिरगाव चौपाटी किंवा जुहूच्या खडकांत खेकडे आणि समुद्रफुलं दाखवणारे. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. यांचं कॅलेंडर भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालतं, रविवार बघून नाही. या कामाला खरं ज्ञान लागतं, गोष्टी रचून भागत नाही. दुर्बीण गळ्यात अडकवून सुरखाब आणि बगळा यात गोंधळ करणारा माणूस पाच मिनिटांत पकडला जातो.

टूर मॅनेजर हा मराठी माणसाच्या ओळखीचा प्रकार. केसरी, वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांची टोपी घालून युरोप किंवा काश्मीरला चाळीस माणसं घेऊन जाणारा. तो गाइड नाही, घरातल्या कर्त्या माणसासारखा असतो. खोल्यांच्या चाव्या, कुणाची बीपीची गोळी, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाचं खिडकीच्या सीटवरून बिनसलंय, हे सगळं तो सांभाळतो. गावोगावची माहिती तिथला स्थानिक गाइड सांगतो. पगार किंवा दिवसाचा भत्ता कंपनी देते. घर सोडून महिनामहिना राहायची तयारी असेल आणि माणसांचा कंटाळा येत नसेल तर नियमित उत्पन्न या कामात सगळ्यात जास्त आहे. मला माणसांचा कंटाळा येतो, दुपारी तीननंतर तर नक्की येतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

गाडी चालवता चालवता शहर दाखवणारे ड्रायव्हर, संग्रहालयातले माहिती देणारे, धारावी दाखवणारे हेही आहेत. धारावीबद्दल एकच सांगते. ज्या टूरमध्ये फोटो काढायला बंदी आहे आणि पैशातला वाटा वस्तीत परत जातो, तिथेच शिका. लोकांच्या दारात कॅमेरे घेऊन शिरणाऱ्यांकडे शिकाल ते आयुष्यभर विसरावं लागेल.

दुसरी पायरी: भाषा

इंग्रजी येणारे शेकड्यांनी आहेत. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी, रशियन यांपैकी एखादी नीट येत असेल तर तुम्ही थेट पुढच्या रांगेत उभे राहता. मुंबईत काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियान्स फ्रान्सेज आहे, विद्यापीठातही परदेशी भाषांचे वर्ग आहेत. दोन-तीन वर्षं लागतात, पैसेही लागतात. पण "एक लेव्हल केली की झालं" या भ्रमात राहू नका. बसमध्ये माइक हातात घेऊन त्रिभंग, गाभारा, नवस, सत्याग्रह हे शब्द तुम्हाला त्या भाषेत समजावता आले पाहिजेत. व्याकरणाच्या पुस्तकात ते नसतात.

मराठीला मात्र कमी लेखू नका. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, शाळा, गिर्यारोहणवाले यांना मराठीत मुंबई दाखवणारे फार थोडे आहेत, आणि यांना आठवड्याच्या मधल्या वारीही वेळ असतो. माझे बुधवार अशाच ग्रुपांनी भरलेत. फक्त तयारी ठेवा: पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी "तुमचं आडनाव काय, मूळ गाव कुठलं" हे विचारणारच, आणि शेवटी एखादे आजोबा तुमची एक तारीख दुरुस्त करतील. बऱ्याचदा ते बरोबर असतात.

तिसरी पायरी: कागद

पर्यटन मंत्रालयाचं "अतुल्य भारत" नावाने चालणारं ऑनलाइन प्रशिक्षण आहे. रिजनल लेव्हल गाइडची निवड परीक्षेतून होते. राज्याचं पर्यटन संचालनालय आणि एमटीडीसी, म्हणजे राज्याचं पर्यटन विकास महामंडळही वेळोवेळी प्रशिक्षण घेतात. जाहिराती रोज निघत नाहीत, म्हणून या संकेतस्थळांवर दर महिन्याला एक नजर टाकायची सवय लावा, आणि निघालेल्या जाहिरातीत शिक्षणाची अट, भाषेची अट आणि शेवटची तारीख या तीन ओळी आधी वाचा. पोलीस पडताळणी, पॅन, आधार, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र यांची फाइल तयार ठेवली की ऐनवेळी धावपळ होत नाही.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात, म्हणजे एलिफंटा किंवा कान्हेरीत, ओळखपत्राशिवाय ग्रुपसमोर बोलायला उभं राहू नका. पाहुण्यांसमोर गार्डने अडवलं तर त्या दिवसाचं काम तर जातंच, कंपनीही जाते.

पैशाचं म्हणाल तर कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात. रिटर्न भरलं की परत मिळायचा असेल तो मिळतो, म्हणून पहिल्या वर्षापासून भरा. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. ती ओलांडायची चिंता सध्या तुम्हाला नाही, मलाही नाही.

चौथी पायरी: एकच रस्ता, पण पाठ

नवे गाइड सगळी मुंबई एकदम शिकायला जातात आणि कशातच पक्के होत नाहीत. एक रस्ता घ्या. मी चर्चगेट ते गेटवे हा सुचवते. चालत फार तर अर्ध्या तासाचा, पण दोन-अडीच तास बोलता येतं.

सुरुवात स्टेशनच्या दारातच. इथे चर्चही नाही आणि गेटही नाही, मग चर्चगेट का? पाहुण्यांना विचारा आणि थांबा. उत्तर लगेच देऊ नका. इंग्रजांच्या किल्ल्याला तटबंदी होती. आतल्या सेंट थॉमस चर्चच्या वाटेवरचा दरवाजा म्हणजे चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडले गेले, नाव मागे राहिलं आणि नंतर रेल्वेला चिकटलं. फोर्टात आज फोर्ट दिसत नाही, त्याचं कारणही हेच. पुढे हुतात्मा चौकात पोचलात की सांगा, तो दरवाजा याच भागात होता. दहा मिनिटांपूर्वी पेरलेलं तिथे उगवतं, आणि माणसं आपोआप तुमच्या जवळ सरकतात.

मधे ओव्हल मैदान. इथे मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं, कडेला नाही. एका हाताला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं दगडी गॉथिक. दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारतींची रांग, गोलसर बाल्कन्या आणि जहाजासारख्या रेषा. २०१८ साली युनेस्कोने हे दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत घातलं. माणसांना एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायला लावा. शब्द कमी लागतात. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. आईला दिसत नव्हतं, सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नेम पाळता यावा म्हणून टोले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, सांगा, पण "सांगतात" हा शब्द लावून सांगा.

हुतात्मा चौकात इंग्रजीत बोलणारे बरेच गाइड फ्लोरा फाउंटन, १८६४, रोमन देवी एवढं बोलून पुढे सरकतात. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे असतात, त्यांच्याकडे पाठ करून. इथे थांबा. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. भाषेवरून राज्य मागण्यासाठी माणसं मेली, हे फ्रेंच किंवा कॅटलान पाहुण्याला लगेच कळतं, आणि मग तो प्रश्न विचारतो. एकदा बार्सिलोनाच्या एका बाईंनी तिथे माझा हात धरून पाच मिनिटं त्यांच्या आजीची भाषा शाळेत कशी बंद केली होती ते सांगितलं. त्या दिवशी गेटवेला पोचायला उशीर झाला. कुणाची तक्रार नव्हती.

काळा घोड्याला लोक विचारणार, घोडा आहे पण स्वार कुठे? मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा होता. १९६५ मध्ये तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, नाव मात्र घोड्याचंच राहिलं. २०१७ मध्ये बिनस्वाराचा नवा घोडा बसवला. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं, तो हत्तीही राणीच्या बागेतच आहे. जागा उरली नाही की मुंबई आपला इतिहास भायखळ्याला पाठवते, असं मी म्हणते, आणि यावर ग्रुप हमखास हसतो.

आता गेटवे. इथे सगळ्यात जास्त थापा चालतात. पंचम जॉर्ज या कमानीतून आत आला, हे रोज कुणीतरी ठणकावून सांगत असतं. राजा आला १९११ मध्ये. तेव्हा त्याने पाहिलं ते पुठ्ठ्याचं मॉडेल. आर्किटेक्ट जॉर्ज विटेटची कमान १९२४ मध्ये खुली झाली. खरी गोष्ट जास्त चांगली आहे: ज्या कमानीतून यायचं ती उशिरा झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण तिच्यातूनच परत गेली. समोरच्या ताजबद्दलही तसंच. हॉटेल उलटं बांधलं गेलं आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. सांगू नका. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी, १९०३ मध्ये हॉटेल सुरू झालं, आणि मूळ दार शहराच्या बाजूलाच ठेवलेलं होतं. एका मराठी माणसाचं नाव इतक्या मोठ्या इमारतीवर असताना आपण त्याच्या जागी एक भुताटकीची गोष्ट का सांगतो, मला कळत नाही.

एलिफंटाचीही एक चूक आत्ताच सुधारून घ्या. मोठ्या लेण्यातल्या तीन मुखांना ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणायची पद्धत आहे. अभ्यासक तो सदाशिव मानतात, तिन्ही मुखं शिवाचीच: एक उग्र, एक शांत आणि मधलं ध्यानस्थ. उजव्या मुखाच्या हातात कमळ आहे, डाव्याच्या हातात साप. "डावं-उजवं" म्हणताना तुमचं की मूर्तीचं, हे आधी ठरवा. मी पहिल्या वेळी गडबडले होते आणि सोळा माणसं सोळा दिशांना बघत होती.

रस्ता पाठ करायचा म्हणजे पाच वेळा एकट्याने चालायचा, तोही ज्या वेळी ग्रुप नेणार त्याच वेळी. ऊन कुठे पडतं, सावली कुठे, हॉर्नचा कल्लोळ कुठे कमी. आणि शौचालयं. मला शिकवणारे एक जुने गाइड होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. ते म्हणायचे, "पोरी, आधी मुतारी, मग म्युझियम." साठीच्या पुढच्या माणसाला जायचं असेल तर तुमचा विटेट कुणी ऐकत नाही. कोणत्या हॉटेलचा दरवान हसून आत सोडतो, हे माहीत असणं ही आमच्या धंद्यातली खरी विद्या.

बंदचे वारही पाठ हवेत. एलिफंटा आणि कान्हेरी सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. डबेवाले चर्चगेटबाहेर डबे लावताना बघायचे तर साडेअकराच्या सुमाराला तिथे असा, आणि लांबून बघा. त्यांच्या वाटेत उभं राहणारा पाहुणा शिव्या खातो आणि भाषांतर तुम्हाला करावं लागतं.

पाचवी पायरी: दर

नव्यांना इथे घाम फुटतो. समजा, रविवारचा वॉक तुम्ही माणशी ७०० रुपये ठेवलात. चौदा जणांनी "येणार" म्हणून कळवलं. सकाळी सातला आले नऊ. म्हणजे ६,३००. ॲपने २० टक्के कापले तर १,२६० गेले, हातात ५,०४०. तुमचा प्रवास, छोटा स्पीकर, पाण्याच्या बाटल्या, आणि रस्ता शोधायला घालवलेले दिवस यांचे त्यातूनच. आता हेच पैसे आदल्या दिवशी जीपेवर आधीच घेतले असते तर चौदा आले असते, किंवा निदान चौदांचे पैसे आले असते. नियम साधा: नाव नोंदलं म्हणजे पैसे भरले. लाज वाटते सुरुवातीला. मलाही वाटायची. चौथ्या रविवारी गेली.

कंपनीचं काम घेताना तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून मागा: किती तासांचं काम, तास वाढले तर वरचे किती, आणि पैसे किती दिवसांत. तोंडी "मॅडम, हो जायेगा" यावर माझ्या अकरा ड्युट्यांचे पैसे एका कंपनीकडे कायमचे राहिले. ती कंपनी आता नाही, माझे पैसेही नाहीत. तेव्हापासून नव्या कंपनीसाठी मी तीन ड्युट्या करते, पैसे येईपर्यंत चौथी घेत नाही.

टिपेवर हिशेब बांधू नका. अमेरिकन पाहुणे पाकिटात घालून देतात, जपानी बहुधा भेटवस्तू देतात, आपले ज्येष्ठ नागरिक डब्यातली साटोरी देतात. तीही मी घेते.

सहावी पायरी: दुकान

हे कोर्समध्ये कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर सांगते. गालिचे, शाली, खडे विकणारी काही दुकानं गाइडला आणि ड्रायव्हरला विक्रीवर कमिशन देतात. पाहुणा आत गेला की तुम्हाला मागच्या खोलीत चहा मिळतो, आणि संध्याकाळी पाकीट. दुसऱ्याच वर्षी मी एका वयस्क जर्मन जोडप्याला अशा दुकानात नेलं. कार्यक्रमात "शॉपिंग स्टॉप" लिहिलेलाच होता. पंधरा मिनिटांचे पन्नास झाले. विक्रेता एकामागून एक गालिचा उलगडत होता, आणि आजोबा उठायला बघत होते पण गुडघे आणि गालिचे दोन्ही आड येत होते. शेवटी त्यांनी एक शाल घेतली, सुटका व्हावी म्हणून. संग्रहालयासाठी वेळ उरला नाही. गाडीत आजी एवढंच म्हणाल्या, "आम्ही संग्रहालय बघायला आलो होतो." माझ्या पर्समध्ये पाकीट होतं. त्या दिवसाच्या फीपेक्षा त्यात जास्त होते.

मी ते बंद केलं, पण फुकटात बंद झालं नाही हेही सांगायला हवं. काही कंपन्या गाइडची फी मुद्दाम कमी ठेवतात, कारण वरचं तुम्ही दुकानातून काढणार असं त्यांनी धरलेलं असतं. दुकान नाही म्हटलं की ते काम परवडत नाही आणि सोडावं लागतं. ड्रायव्हरही नाराज होतो, कारण त्याचाही वाटा गेला. मी सुरुवातीलाच ड्रायव्हरभाऊंना सांगते, दुकान नाही, पण पाहुणे टिप देताना तुमचं नाव घेईन. बहुतेक जण समजून घेतात. पाहुण्याला स्वतःहून काही घ्यायचं असेल तर सरकारी एम्पोरियम दाखवा आणि तुम्ही बाहेर उभे राहा. नव्याने सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी हा मोह टाळणं अवघड आहे, भाडं भरायचं असतं. तुम्ही काय कराल ते तुमचं तुम्ही ठरवा. पण दुकानाने पैसे दिले त्या दिवशी तुम्ही दुकानाचे गाइड होता, हे स्वतःशी तरी लपवू नका.

सातवी पायरी: बारा महिने

ऑक्टोबर ते मार्च परदेशी पाहुणे आणि जहाजं. डिसेंबरला माणूस कमी पडतो, सर्दी झाली तरी सुट्टी मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये परदेशी आटतात, पण शाळांना सुट्टी असते, मुलांचे वॉक चालतात. मुलांचा ग्रुप घेताना एक मोठा माणूस मागे हवाच, रस्ता ओलांडताना तुम्ही पुढे असता आणि शेवटचा मुलगा नेहमी कबुतरांमागे गेलेला असतो.

बोटीवर मात्र लहान-मोठा भेद नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या वाटेवर झालेल्या बोटीच्या अपघातानंतर मी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय एकालाही बसू देत नाही. "ताई, उकडतंय" म्हणणाऱ्याला मी माझंही दाखवते, मलाही उकडत असतं.

जून ते सप्टेंबर हा आमचा दुष्काळ, पाण्यातला. एलिफंटाच्या बोटींचा भरवसा नसतो, वॉक आदल्या रात्री रद्द होतात. या चार महिन्यांचा खर्च डिसेंबरमध्येच बाजूला काढा, हातात असतात तेव्हा. मी पावसाळ्यात भाषांतर करते, एका कंपनीच्या नव्या गाइडना शिकवते आणि छपराखालचे वॉक घेते: सीएसएमटी, संग्रहालयं, महात्मा फुले मंडई. सीएसएमटी तर पावसातच बघावं. बाहेर पाणी कोसळत असतं, आत हजारो माणसं छत्र्या झटकत धावत असतात, आणि वर दगडात कोरलेली माकडं आणि खारी १८८८ पासून कोरड्या बसून आहेत. तिथे आवाज चढवावा लागतो. घसा बसतो. आल्याचा तुकडा पर्समध्ये ठेवा.

गेल्या जुलैच्या पानावर माझ्या वहीत असं लिहिलंय: सीएसएमटी दोन, भाषांतर एक, शिकवणी चार दिवस, रद्द पाच. समोरचा आकडा पहिल्या नोव्हेंबरपेक्षा मोठा आहे. आई आता विचारत नाही, तिच्या भिशीतल्या बायकांना घेऊन ऑगस्टमध्ये येणार आहे. चौदा जणी. पैसे आधी भरलेत.